वाकाशिओ आणि मॉरिशसचे ते बारा दिवस

२५ जुलै २०२० ला संध्याकाळी मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, पॉइंट देस्नी नावाच्या वस्तीसमोर, जवळपास ३०० मीटर लांबीचं एक जहाज प्रवाळाच्या खडकावर चढून बसलं. त्यातून तेल गळायला लागलं ते ६ ऑगस्टला. मधले बारा दिवस ते जहाज तिथेच होतं, किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, लोक त्याचे फोटो काढत होते. निदर्शनं, मेलेले डॉल्फिन, कोर्टकचेरी, नुकसानभरपाईची भांडणं हे सगळं नंतर झालं आणि बातम्यांत तेच जास्त आलं, पण मला विचाराल तर हे प्रकरण मुळात त्या बारा दिवसांचं आहे.

जहाजाचं नाव एमव्ही वाकाशिओ. मालक जपानची नागाशिकी शिपिंग, भाड्याने चालवणारी मित्सुई ओएसके लाइन्स, झेंडा पनामाचा, कॅप्टन भारतीय, खलाशी भारत, श्रीलंका आणि फिलिपिन्सचे मिळून वीस. आशियातून ब्राझीलला चाललं होतं, रिकामं. मॉरिशसला माल द्यायचा नव्हता, घ्यायचा नव्हता, थांबायचंही नव्हतं, फक्त बाजूने जायचं होतं. माल नसला तरी इतक्या मोठ्या जहाजाचं स्वतःचं इंधनच केवढं असतं बघा, साधारण ३,९०० टन तेल आणि वर २०० टन डिझेल.

मग ते किनाऱ्याजवळ आलंच कसं? तर मोबाइलच्या रेंजसाठी. हे कोणाचं व्हॉट्सअॅप ज्ञान नाही, मित्सुईने स्वतःच डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. आधी ठरलेला मार्ग बेटापासून २२ सागरी मैलांवरून जाणारा होता, दोन दिवस आधी तो बदलून ५ मैलांवर आणला, आणि ऐनवेळी आणखी आत, २ मैलांपर्यंत न्यायला गेले, तेही हातात त्या किनाऱ्याचा पुरेसे बारकावे दाखवणारा नकाशा नसताना. जहाजावर एका खलाशाच्या वाढदिवसाची पार्टी होती हेही कोर्टात आलं. कोविडचे दिवस, बंदरात उतरायची परवानगी नाही, कित्येक खलाशी करार संपूनही महिनोन्महिने घरी जाऊ शकत नव्हते, त्यामुळे घरच्यांशी चार मिनिटं बोलायला मिळावं म्हणून कोणी जहाज थोडं आत घेतलं असेल तर मला त्यातलं माणूसपण कळतं, पण तसा नकाशा नसताना दोन मैलांवर जाणं याला माफी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कॅप्टनला आणि पहिल्या अधिकाऱ्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. तोवर बहुतेक शिक्षा तुरुंगात भोगून झालीच होती.

आता मॉरिशसची बाजू. साधारण २,००० चौरस किलोमीटर जमीन, साडेबारा लाख लोक. म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी जागा. पण समुद्र? सेशेल्सबरोबरचा सामायिक भाग धरून २३ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यातून आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये ये-जा करणारी हजारो जहाजं दरवर्षी जातात, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे ती निमूटपणे जाणार असतील तर त्यांना नुसतं अडवता येत नाही. त्यात २०२० साल. मार्चपासून देशाच्या सीमा बंद, हॉटेलं रिकामी, टुरिझमवर चालणाऱ्या अर्ध्या किनाऱ्याची कमाई शून्यावर, आणि उरलेल्यांचं पोट मासळीवर.

जिथे हे जहाज अडकलं ती जागा तर अशी की ठरवून शोधली असती तरी इतकी नाजूक सापडली नसती. एका बाजूला ब्लू बे मरीन पार्क, पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतली जागा, पलीकडे पॉइंट देस्नीची पाणथळ, तीही रामसर, आणि समोर इल ओ एग्रेत हे छोटंसं बेट, जिथे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने कित्येक वर्षं घालवून मूळचं जंगल पुन्हा उभं केलंय, गुलाबी कबुतरं, कासवं, स्थानिक सरडे, रोपवाटिका, सगळं. (डोडो ज्या देशात संपला तिथे हे किती जिवावर उदार होऊन केलं असेल.)

तर बारा दिवस काय झालं. काहीच झालं नाही असं म्हणणं चूक ठरेल. मालकाच्या विमा कंपनीमार्फत जहाज वाचवणाऱ्या कंपन्या नेमल्या गेल्या, लांबून टग म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटी मागवल्या, जहाजाभोवती आणि ब्लू बेच्या तोंडाशी काही मीटर तेल अडवणारे तरंगते पट्टे म्हणजे बूम टाकले. प्लॅन असा होता की आधी जहाज खडकावरून ओढून काढायचं. सरकारचा सूर "तज्ज्ञ आलेत, आराखड्याप्रमाणे चाललंय" असा. स्थानिक मच्छीमार, डायव्हर, पर्यावरणवाले मात्र पहिल्या आठवड्यापासूनच विचारत होते की ते ओढायचं नंतर बघा, आधी पोटातलं तेल का नाही काढत? त्यावर उत्तर मिळायचं की समुद्र खवळलेला आहे. जुलै-ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, आग्नेयेकडून लाटा सरळ त्याच किनाऱ्यावर येतात, त्यामुळे हे उत्तर खोटं नव्हतं.

पण आता पुढचं बघा. ६ ऑगस्टला टाकी फुटली, जवळपास १,००० टन तेल खाडीत गेलं. आणि १२ ऑगस्टपर्यंत, म्हणजे सहा दिवसांत, जहाजातलं हाती लागण्यासारखं जवळजवळ सगळं तेल, ३,००० टनांच्या आसपास, उपसून झालं! छोटे टँकर शेजारी लावून, पंप लावून, थोडं हेलिकॉप्टरने. आता यावर सरकारी बाजूने असं म्हणता येईल की तेव्हा समुद्र शांत झाला होता आणि तोपर्यंत सामान पोचलं होतं, ठीक आहे, मान्य. तरीही बंकरिंगचे, म्हणजे जहाजांना इंधन पुरवणारे, छोटे टँकर आणि हेलिकॉप्टर ही काही जपानवरून यायची गोष्ट नव्हती, आणि समुद्र बारा दिवस रोज सारखाच खवळलेला नसतो. उपसायची तयारी जहाजाशेजारी उभी ठेवून शांत दिवसाची वाट बघणं वेगळं आणि टग येईपर्यंत तयारीच न करणं वेगळं. माझं मत विचाराल तर चूक इथे झाली. जहाज आपल्या १२ मैलांच्या हद्दीत, आपल्या खडकावर, म्हणजे हुकूम द्यायचा पूर्ण अधिकार मॉरिशस सरकारला होता, तो त्यांनी मालकाच्या माणसांच्या हातात ठेवला. मालकाच्या माणसांना साहजिकच आधी जहाज वाचवायचं असतं.

आणि हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. २०११ मध्ये एंजल १ नावाचं जहाज अडकलं होतं. २०१६ च्या जूनमध्ये एमव्ही बेनिटा ल बुशॉनला अडकलं, ते तर याच किनाऱ्यावर, इथून जवळच. तेल सांडलं तर काय करायचं याचा राष्ट्रीय आराखडा कागदावर होताच. किनाऱ्यावर लक्ष ठेवणारी रडारची साखळी भारताने दिलेली, २०११ पासून चालू. मॉरिशसच्या कोस्ट गार्डचा मुख्य अधिकारी भारतीय नौदलाकडून पाठवलेला असतो, त्यांचं मोठं गस्ती जहाज बाराकुडा कोलकात्यात बांधलेलं. कोस्ट गार्डने सांगितलं की आम्ही जहाजाला इशारे दिले, तिकडून उत्तर आलं नाही. बरं, उत्तर आलं नाही, मग पुढे? गस्तीबोट सोडली का, वर कोणाला उठवलं का, हा प्रश्न विरोधकांनी धरून ठेवला आणि तो रास्त होता.

(आपणही फार शहाणपणा करायला नको. ३१ जुलै २०११ ला एमटी पवित नावाचं बेवारस टँकर जहाज ओमानकडून वाहत वाहत येऊन थेट मुंबईत जुहूच्या वाळूत रुतलं, २६/११ नंतरची सगळी सागरी सुरक्षा असताना, आणि ते वाळूत येईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता.)

७ ऑगस्टला पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी पर्यावरणीय आणीबाणी जाहीर केली आणि फ्रान्सकडे मदत मागितली, मॅक्रॉन यांनी शेजारच्या रियुनियन बेटावरून विमान आणि सामान पाठवलं. जपानची टीम आली. भारताकडून हवाई दलाच्या विमानाने ३० टन सामान आणि कोस्ट गार्डचे दहा जण गेले. योगायोग असा की ७ ऑगस्ट हीच तारीख दहा वर्षांपूर्वी मुंबईचीही होती, २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया यांची टक्कर बंदराबाहेर झाली होती, कंटेनर तरंगत होते, बंदर काही दिवस बंद होतं आणि तेल एलिफंटापासून अलिबागपर्यंत किनाऱ्याला लागलं होतं.

पण बाहेरची मदत येईपर्यंत काम केलं ते तिथल्या किनाऱ्यावरच्या माहेबुर्ग गावच्या लोकांनी. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि नीट सांगायला हवा. सरकारकडे बूम अपुरे होते, म्हणून माहेबुर्गच्या वॉटरफ्रंटवर लोक जमले आणि त्यांनी स्वतःचे बूम शिवायला घेतले. आत काय भरलं? उसाचं पाचट. मॉरिशस म्हणजे उसाचा देश, तोडणीचा हंगाम चालूच होता, ट्रॅक्टर-ट्रकने पाचट येऊन पडत होतं. कापडाच्या किंवा जाळीच्या लांब पिशव्या शिवायच्या, त्यात पाचट ठासून भरायचं, बूम तरंगावा म्हणून मध्ये रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधायच्या, तोंड शिवायचं, दोरीने एकाला एक जोडायचं आणि बोटीने ओढत नेऊन खाडीत टाकायचं. बायकांनी जुने स्टॉकिंग्ज दिले, लोकांनी केस कापून दिले कारण केस तेल शोषतात म्हणे (यावर तज्ज्ञांनी नाकं मुरडली, आणि केसांचा खरंच किती उपयोग झाला शंकाच आहे, पण सलूनसमोर रांगा लागल्या हे खरं). रात्री दिवे लावून शिवणकाम चाललं. पोरं छातीभर पाण्यात उतरून बादल्यांनी तेल भरत होती, साधे हातमोजे घालून, त्या वासाने डोकं दुखत असताना. फाउंडेशनच्या लोकांनी इल ओ एग्रेतवरून पक्षी आणि रोपवाटिकेतली हजारो रोपं हलवली. काही दुर्मिळ सरडे-पाली तर नंतर थेट ब्रिटनजवळच्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात पाठवल्या, मागे काही झालंच तर बीज शिल्लक राहावं म्हणून.

आणि अशा वेळी सरकारने काय सांगितलं, तर लोकांनी लांब राहावं, हे काम अधिकाऱ्यांवर सोडावं. तब्येतीच्या दृष्टीने सांगणं चूक नव्हतं. पण बारा दिवस ज्यांनी काही केलेलं दिसलं नाही त्यांनी तेराव्या दिवशी मनाईची हद्द आखून लोकांना दंडाची भीती दाखवायची, यावर लोक भडकणार नाहीत तर काय. पंतप्रधानांनी माफीही मागितली नाही, त्यांचं म्हणणं तज्ज्ञांच्या सल्ल्याने वागलो, हवामान वाईट होतं.

१५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. पुढचा तुकडा खोल समुद्रात ओढत नेऊन २४ ऑगस्टच्या सुमारास बुडवला, पर्यावरण संघटनांचा विरोध असताना. त्या वर्षीची गणेश चतुर्थी नेमकी याच दिवसांत आली, आणि मॉरिशसमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, तिथल्या मराठी समाजामुळे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबई बंदरामार्गे ऊसमळ्यांवर गेलेल्या माणसांचे हे वंशज, शाळेत अजून मराठी शिकतात. म्हणजे आपल्याकडे जे प्रकरण परदेश-बातम्यांच्या पानावर दोन परिच्छेदांत संपलं ते आपल्यातल्याच काही लोकांच्या दारात घडत होतं.

२६ ऑगस्टपासून किनाऱ्यावर मेलेले डॉल्फिन यायला लागले, बहुतेक मेलन-हेडेड जातीचे, मोजून पन्नासच्या आसपास. तेलामुळे मेले का, तुकडा बुडवल्यामुळे मेले का, की आणखी काही? सुरुवातीच्या शवविच्छेदनात तेल सापडलं नाही असं सरकारने सांगितलं, लोकांनी विश्वास ठेवला नाही. दोन दिवस आधी जहाज बुडवलंय आणि आता हे, कोण विश्वास ठेवणार. विज्ञानाच्या बाजूने संबंध सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही, राजकारणात मात्र तो त्याच दिवशी पक्का झाला.

२९ ऑगस्टला पोर्ट लुईसमध्ये मोर्चा निघाला. बोलावणारा कोणी पक्ष नव्हता, ब्रुनो लॉरेट हा कार्यकर्ता पुढे होता. काळे कपडे, हातात देशाचा झेंडा, टी-शर्टवर 'देशावर प्रेम आहे, सरकारची लाज वाटते' अशा अर्थाच्या ओळी. वर्तमानपत्रांचे आकडे पन्नास हजारांपासून लाखापर्यंत. कमीतला आकडा धरला तरी महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या हिशोबाने ते पन्नास लाख होतात. आणि गंमत म्हणजे हिंदू, क्रिओल, मुस्लिम, चिनी असे जातीधर्मावर मतदान करणाऱ्या देशात सगळे एकाच रस्त्यावर होते, जे तिथे सहज होत नाही. १२ सप्टेंबरला दुसरा मोर्चा खुद्द माहेबुर्गला झाला. या दोन्हींच्या मध्ये, ३१ ऑगस्टच्या रात्री, सफाईच्या कामावरून परतताना सर गेताँ दुव्हाल नावाचा टग खराब समुद्रात तो ओढत असलेल्या बार्जवर आदळून बुडाला आणि चार खलाशी गेले. वाकाशिओ प्रकरणात माणसं मेली ती इथे, आणि त्यांच्याबद्दल जगात सगळ्यात कमी लिहिलं गेलं.

आता पैसे. इथे भलेभले गोंधळतात, म्हणून जरा सावकाश. तेलवाहू टँकर फुटला तर नुकसानभरपाईसाठी एक मोठा आंतरराष्ट्रीय फंड असतो. वाकाशिओ टँकर नव्हतं, सांडलं ते त्याचं स्वतःचं इंधन, त्यामुळे तो फंड लागूच नाही. मग राहिला बंकर करार, म्हणजे जहाजाच्या स्वतःच्या इंधनाच्या गळतीसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात मालकाची जबाबदारी ठरते पण रकमेची कमाल मर्यादा दुसऱ्याच करारावरून येते, आणि त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, १९७६ ची जुनी आणि १९९६ ची सुधारित. जपान १९९६ वाला, त्या हिशोबाने कमाल मर्यादा साधारण ७ अब्ज येन. मॉरिशस १९७६ वाला, तिथे साधारण २ अब्ज येन. मर्यादा ठरते जहाजाच्या आकारावर, किती नुकसान झालं त्यावर नाही. म्हणजे एक दुरुस्ती वेळेवर न स्वीकारल्यामुळे दावा तिप्पट-साडेतिप्पट कमी व्हायची वेळ आली. मित्सुईने वेगळे १ अब्ज येन काही वर्षांत द्यायचं जाहीर केलं, खारफुटी, प्रवाळ वगैरेंसाठी. हे कायद्याने देणं लागत होते म्हणून दिलेले नाहीत, स्वेच्छेने, त्यामुळे चांगलंच आहे, पण हक्क आणि देणगी यात फरक असतो हे मच्छीमाराला बरोबर कळतं. खाडी बंद असताना त्याला महिन्याची सरकारी मदत मिळाली. पण ज्याच्या नावावर मच्छीमारीचं रजिस्टर्ड कार्ड नाही, जो ओहोटीला उतरून शिंपल्या-ऑक्टोपस गोळा करून विकतो, त्यांच्यात बायकाच जास्त, त्यांनी नुकसान कोणत्या कागदावर दाखवायचं?

तेलाबद्दलही एक सांगतो. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांना कमी गंधकाचं इंधन सक्तीचं झालं, हवा स्वच्छ राहावी म्हणून. त्या नव्या इंधनाची पहिली मोठी गळती म्हणजे वाकाशिओ. ते पाण्यात कसं वागेल, प्रवाळावर काय करेल, कोणी धड तपासलेलं नव्हतं. नंतरच्या तपासण्यांत विषारी घटक जुन्या जड तेलापेक्षा कमी निघाले, हे नशीब. पण काही वर्षांनीही खारफुटीच्या चिखलात त्याच तेलाचे अंश मिळालेत. आणि प्रवाळ आधीच गरम होणाऱ्या समुद्राने पांढरं पडत चाललेलं, त्यावर हे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉरिशसच्या संसदेने क्लायमेट चेंज कायदा मंजूर केला. जागतिक परिषदांमध्ये बेटांचे नेते उभे राहून सांगतात की आम्ही काहीच केलं नाही आणि बुडणार आम्ही, ते शंभर टक्के खरं आहे. पण याच देशात पोम्पोनेतसारखा सार्वजनिक किनारा हॉटेलला द्यायला निघाले होते आणि लोकांना 'आमचे किनारे चोरणं थांबवा' म्हणून आंदोलन करावं लागलं होतं. लहान देश आहोत हे कारण वाकाशिओत कुठे चालतं आणि कुठे नाही, हे वेगळं काढून बघावं लागतं. दुसऱ्याच्या जहाजाचा मार्ग, कराराच्या मर्यादा, मोठे टग नसणं, इथे चालतं. रेडिओला उत्तर नाही तरी शांत बसणं, उपसायचा हुकूम न देणं, १९९६ ची दुरुस्ती न स्वीकारणं, इथे नाही चालत. जगन्नाथ सरकार पडलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, माजी पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा घेतल्या. पण ते मुख्यतः फोन टॅपिंगच्या भानगडीमुळे आणि महागाईमुळे, वाकाशिओमुळे असं म्हणणं ओढूनताणून होईल.

७ मार्च २०२१ ला, म्हणजे आठ महिनेही झाले नव्हते, पोर्ट लुईसजवळ पॉइंट ओ साब्लला एक चिनी मासेमारी जहाज खडकावर चढलं. पोटात १३० टन तेल. या वेळी खलाशांना काढलं, लगेच बूम टाकले, आणि जहाज ओढायच्या भानगडीत न पडता काही दिवसांत तेल उपसून घेतलं. अर्थात हे जहाज छोटं, बेटाची ती बाजू आडोशाची, आणि राजधानीचं बंदर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना होत नाही. पण आधी तेल काढायचं हा क्रम या वेळी कोणाला सांगावा लागला नाही.